रविवारची चक्कर

आमच्या घरात तिला ‘चक्कर’ म्हणत. ‘ड्राइव्ह’ हा शब्द त्या काळच्या कोल्हापुरात फक्त सिनेमातल्या माणसांच्या तोंडी असे, आणि ‘सहल’ म्हटले की शाळा, डबा आणि रांगेत उभे राहणे डोळ्यांसमोर येई. चक्कर म्हणजे रविवारी दुपारी साडेचारच्या सुमारास अण्णांनी खुंटीवरची फियाटची किल्ली काढायची, आम्ही दोघा भावंडांनी मागच्या सीटवर खिडक्यांची वाटणी करून घ्यायची, आईने पदराला हात पुसत पुढे येऊन बसायचे आणि गाडीने शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागायचे. कुठे जायचे, हे कोणी विचारत नसे. पन्हाळा वीसेक किलोमीटरवर. पण कित्येकदा आम्ही तिथवर पोचतही नसू. वाघबिळाच्या अलीकडे कुठेतरी गाडी कडेला लागे, अण्णा बॉनेट उघडून पाणी बघत, आई गाडीतून उतरतसुद्धा नसे, आणि दिवेलागणीला आम्ही घरी परतलेले असू.

गेल्या वर्षभरात ही चक्कर पुन्हा सुरू करण्याचा खटाटोप मी केला. त्याची हकिकत पुढे येईलच. पण त्या निमित्ताने एक हिशेब मांडला गेला आणि मीच चकित झाले. जिला मी इतकी वर्षे ‘आमच्या घरची परंपरा’ म्हणत आले, तिचे आयुष्य जेमतेम नऊ वर्षांचे होते. १९८७ साली सेकंडहँड गाडी आली तेव्हा ती सुरू झाली आणि १९९६ साली भावाची बारावी, माझे कॉलेज आणि गाडीची विक्री अशा तिहेरी कारणांनी संपली. परंपरा हा शब्द आपण भाषा-साहित्याचे अध्यापक फार सैल हाताने वापरतो, हे वर्गात विद्यार्थ्यांना सांगणारी मी स्वतःच त्याला बळी पडले होते. मग प्रश्न असा पडला की, ही नऊ वर्षे तरी आली कुठून? बिनकामाने घराबाहेर पडण्याची मोकळीक आमच्यासारख्या घरापर्यंत कोणत्या वाटेने पोचली?

पहिली गोष्ट म्हणजे त्यासाठी मोकळा दिवस हवा. तो आपल्याकडे मुळात नव्हता. पाठशाळांना अनध्यायाच्या तिथी होत्या, अमावास्येला औत न धरण्याचा रिवाज होता, आमच्याकडे बेंदराला बैलांना विश्रांती होती, बाजाराचा वार होता. पण दर सातव्या दिवशी माणसाने काम थांबवायचे, ही कल्पना इथल्या पंचांगातली नव्हे. कंपनी सरकारच्या कचेऱ्यांबरोबर ती आली आणि बराच काळ कचेरीपुरतीच राहिली. गिरणीतल्या माणसाला ती भांडून मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. सप्टेंबर १८८४मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने फॅक्टरी कमिशनपुढे मागण्या ठेवल्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आज वाचताना या मागण्यांचा माफकपणाच अंगावर येतो. सूर्यास्त ही कामाची मर्यादा म्हणून मागावी लागत होती! रविवार मागताना तो खंडोबाचा वार आहे, हे कारणही लोखंड्यांनी पुढे केले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. ते खरे असेल तर मला ती अतिशय चतुर गोष्ट वाटते. साहेबाच्या देवळाचा वार आणि जेजुरीच्या देवाचा वार एकच निघाला, आणि सत्यशोधक माणसाने त्या योगायोगाचा कामगारासाठी उपयोग करून घेतला.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तिथे दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचा आधार दिला. त्या दोन बायकांचा विषय मी इथे तूर्त सोडून देते. त्यांच्याकडे परत यायचे आहे.

माझे आजोबा १९४०च्या दशकात काही वर्षे लालबागच्या एका गिरणीत होते. मग गावी परतले. त्यांच्या बोलण्यात रविवार हा शब्द क्वचित येई, ‘सुट्टी’ येई. ‘सुट्टीच्या दिवशी’ म्हणजेच रविवारी. कोल्हापूरला आल्यावर त्यांची सुट्टी जोतिबाच्या डोंगरावर खर्ची पडे. जोतिबाचाही वार रविवारच. ते पहाटे पायी निघत, पुढे सायकलवरून पायथ्यापर्यंत जात. आमच्या चक्करीला मात्र ते कधी आले नाहीत. ‘बिनकामाचं पेट्रोल जाळायचं’ एवढाच त्यांचा शेरा असे. जोतिबाला जाणे हे त्यांच्या लेखी काम होते, आणि तिथे जायला निघालेला माणूस रिकामा नव्हता.

इथे थोडे शब्दांकडे वळावेसे वाटते, कारण आजोबांचा तो शेरा व्यक्तिगत नव्हता. आपल्या भाषेचीच ती धारणा आहे. वारी, यात्रा, जत्रा, खेप, फेरी, मोहीम, मुलुखगिरी या साऱ्या शब्दांत जाण्याला हेतू आहे. देव, बाजार, माल, लढाई, काहीतरी टोकाला उभे आहे. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ घ्या. सत्तावन्नच्या धामधुमीत सापडलेला हा माणूस घरून निघाला तो कर्ज फेडण्याच्या विवंचनेत, मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून. मराठीतले हे गाजलेले प्रवासवर्णन १८८३ साली लिहून झाले, १९०७ साली छापले गेले, आणि त्याच्या मुळाशी पोटाचा प्रश्न आहे. उलट बाजूला आपल्याकडे कोणते शब्द आहेत? ‘रपेट’ आहे, पण ती घोडा बाळगणाऱ्याची. ‘हवा खाणे’ हा वाक्प्रचार बग्गी बाळगणाऱ्याचा. आणि त्यालाही शेजारी ‘हवा खात बसणे’, म्हणजे उपाशी किंवा रिकामे राहणे, हा टोमणा चिकटलेला आहेच. ‘भटकणे’ हे तर उनाडाचे. हेतूविना, गर्वाविना आणि लाजेविना हिंडण्याला सर्वसामान्य घरातला शब्द नव्हता. डोके गरगरण्यालाही जो शब्द वापरतात तो ‘चक्कर’ हाच शब्द इथे वापरावा लागला, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

घोडा आणि बग्गी म्हटले की कोल्हापुरात राजवाडा आलाच. राजर्षी शाहूंचा खडखडा लोकांच्या आठवणींत अजून धावतो. राजाराम महाराजांची मेबॅक मोटार दसऱ्याला लोक अजून गर्दी करून बघतात. मात्र खडखड्यात बसलेला राजा हा हवा खायला निघालेला नसे, लोकांना भेटायला निघालेला असे, हे आठवणी सांगणारे आवर्जून सांगतात. म्हणजे तिथेही पुन्हा हेतूच.

सामान्य माणसाच्या हाती चाके यायला स्वातंत्र्यानंतरची तीसेक वर्षे जावी लागली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५०च्या दशकापासून फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. सत्तरच्या दशकात तिचे नाव ‘पद्मिनी’ झाले, तरी लोकांच्या जिभेवर शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. नवी गाडी म्हणजे नोंदणी आणि वर्षानुवर्षांची वाट. स्कूटरचीही तीच गत. म्हणून मध्यमवर्गीय घरात गाडी आली ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाताने. आमची तिसऱ्या हाताची होती. तिचा गेअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट अखंड बाकासारखी, आणि थंडीत चोक ओढून मिनिटभर मनधरणी केल्याशिवाय ती चालू होत नसे. त्याआधी आम्ही चौघे चेतकवर बसत असू: मी पुढे उभी, भाऊ मध्ये, आई मागे एका अंगाला. पण स्कूटरवरून आम्ही नेहमी ‘कुठेतरी’ गेलो. लग्नाला, दवाखान्यात, मामाकडे. स्कूटरवर चक्कर मारल्याचे मला आठवत नाही. चौघांनी तोल सांभाळत बसायचे म्हटल्यावर तिथे आळसाला जागाच नव्हती.

इंग्रजी ‘संडे ड्राइव्ह’चा उगम अमेरिकेतला. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीने मोटार स्वस्त केली आणि वीस वर्षांच्या आत रविवारचे रूप पालटले. रॉबर्ट आणि हेलन लिंड या दांपत्याने १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मिडलटाउन’ या इंडियानातील मन्सी शहराच्या अभ्यासात धर्मोपदेशकांची चिंता नोंदवलेली आहे: लोक रविवारी चर्चमध्ये येण्याऐवजी मोटारीतून हिंडायला जातात. तिथे मोटारीने माणसाला देवापासून दूर नेले. आमच्या रस्त्यावर तसे घडले नाही, कारण रस्ता एकच होता. पुलापासून केर्लीपर्यंत आमची फियाट आणि जोतिबाचे भाविक बरोबरीने चालत. दुपारी परतणाऱ्यांच्या कपाळावर, सदऱ्यावर, एसटीच्या टपावरसुद्धा गुलाल असे. केर्लीला जोतिबाचा रस्ता उजवीकडे फुटे, आणि आम्ही सरळ जात असू. त्या फाट्यावर आई न चुकता डोंगराच्या दिशेने हात जोडी आणि अण्णा गाडी किंचित सावकाश करत. आमची अश्रद्धा एवढीच होती.

तेलाचा प्रश्न आला तेव्हा ही रिकामी फेरीच सगळ्यांत आधी नजरेत आली, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. १९७३च्या तेलसंकटात नेदरलँड्समध्ये ४ नोव्हेंबरपासून रविवारी मोटारबंदी झाली. त्याच महिन्यात अध्यक्ष निक्सन यांनी अमेरिकेतल्या पंपांना शनिवारी रात्रीपासून रविवारी मध्यरात्रीपर्यंत बंद राहण्याचे आवाहन केले. आपल्याकडे त्याच वर्षी अटलबिहारी वाजपेयी पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. आजोबांचा शेरा जागतिक धोरण होऊ शकतो, याची त्यांना कल्पना नसावी.

आता रस्त्याविषयी. पन्हाळा हा किल्ला आहे, म्हणजे बिनकामाच्या माणसाने वर येऊ नये अशा बेताने रचलेली जागा. १८४४च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी त्याचा चार दरवाजा पाडला, आणि आज मोटारी नेमक्या तिथूनच वर शिरतात. पंचगंगेवरचा शिवाजी पूल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पाडलेला दरवाजा आणि बांधलेला पूल या दोन्ही गोष्टी राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी केल्या. रविवारी संध्याकाळी एका बँकेतल्या कारकुनाने कुटुंबासह तिथून रमतगमत जावे, असा त्यांचा उद्देश खचितच नव्हता. (मोरोपंतांचा जन्म १७२९ साली याच गडावर झाला, हे अण्णा दर खेपेला सांगत आणि आम्ही दर खेपेला पहिल्यांदाच ऐकल्यासारखे करत असू. पुढे मी मराठी घेऊन एम. ए. केले त्यात या रटाळ पुनरुक्तीचा वाटा किती, हे सांगता येणार नाही.)

म्हणजे सुट्टी लोखंड्यांच्या लढ्याची, रस्ता इंग्रजांचा, गाडी कुर्ल्याची आणि तीही तिसऱ्या हाताची. इतके जुळून आल्यावर आमची नऊ वर्षे झाली. या लेखाचा आराखडा माझ्या मनात इथवर तयार होता, आणि चक्कर म्हणजे स्वतंत्र भारताच्या मध्यमवर्गाला उशिरा लाभलेला निरुद्देश आनंद, असा त्याचा निष्कर्षही ठरलेला होता. तो निष्कर्ष आईने मोडला.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. अण्णा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणे सोडले. मी आईला सहज म्हटले, ‘अण्णांना तेव्हा किती हौस होती ना फिरायची!’ आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘त्यांना कुठली हौस? मीच म्हटलो त्यांना.’ (आमच्याकडच्या बायका ‘मी म्हटलो’ असेच म्हणतात, प्रमाणभाषेच्या वर्गात मी हे उदाहरण नेहमी देते.) मग तिने सांगितले ते असे. रविवार म्हणजे मटण. सकाळी सातला वाटण सुरू. तांबडा, पांढरा, सुके, भाकऱ्या. जेवायला अण्णांचे कोणी ना कोणी मित्र, आजोबांकडे आलेले गावचे पाहुणे. तीनला भांडी आवरतात तोवर चहाची वेळ. आणि संध्याकाळी दूरदर्शनवर हिंदी सिनेमा. गल्लीत टीव्ही मोजक्या घरी, त्यातला एक आमचा. पावणेसहाला बाहेरच्या खोलीत पंधरा-वीस माणसे सतरंजीवर. त्यांना पाणी, लहान मुलांना काहीबाही, सिनेमा संपला की रात्रीचा स्वयंपाक. ‘घरात असलो तर उठावंच लागायचं. दाराला कुलूप लागलं म्हणजे कुणी येणार न्हाई. म्हणून म्हटलो, जरा कुठंतरी घेऊन चला, कुठंही.’

कुठंही! मी ज्या निरुद्देशतेवर परिच्छेद रचत होते, तिचा उद्देश इतका साधा होता. आम्ही कुठे जातो याला महत्त्व नव्हते, कारण महत्त्वाचे होते ते मागे लावलेले कुलूप. अण्णांनी मात्र ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. बायकोला विश्रांती हवी म्हणून गाडी काढतो, असे त्या गल्लीत, आणि आजोबांच्या समोर, म्हणण्याची सोय नव्हती. ते सांगत, ‘आठवड्यातनं एकदा गाडी फिरवली नाही तर बॅटरी उतरते.’ हे कारण पुरुषांना पटे. आई गाडीतून का उतरत नसे, हेही मला तीस वर्षांनी कळले. त्या अखंड सीटवर पाय वर घेऊन ती बसून राही. दोन तास. सिनेमा बुडतो म्हणून आम्ही भावंडे मागे कुरकुरत असू, तेही तिला आठवत होते.

आता महालक्ष्मीच्या मैदानावरच्या त्या दोन बायका. दहा हजारांच्या सभेपुढे त्यांनी रविवार मागितला, आणि तो मिळाला. पण गिरणीतून सुटलेल्या बाईचा रविवार खोलीवर गेल्यावर काय होत असेल? आठवड्याचे धुणे, दळण, भरलेली चूल आणि सुट्टी असल्यामुळे घरीच असलेला नवरा. लोखंड्यांच्या मागणीपत्रात चुलीचा उल्लेख असणे शक्य नव्हते. चुलीचा मालक कोण आणि तिची संघटना कुठली? १८९०चा रविवार आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन शंभरेक वर्षे थांबला होता, आणि आईने तो आत न बोलावता स्वतःच बाहेर पडून गाठला. आपल्या सामाजिक इतिहासात सुट्टीवर लिहिताना कारखान्याचा भोंगा ऐकू येतो, उलथन्याचा आवाज येत नाही. मीही तो ऐकलेला नव्हता, आणि माझे बालपण त्याच घरात गेले होते.

हे कळल्यावर चक्कर पुन्हा सुरू करणे हा स्मरणरंजनाचा विषय राहिला नाही. करायचीच, असे ठरले. पहिल्या दोन-तीन खेपा फसल्या. मुळात माझाच रविवार मोकळा नव्हता: उत्तरपत्रिका, मूल्यांकन समितीच्या फायली, मुलाचा क्लास. कसेबसे निघालो तर पन्हाळ्याच्या रस्त्याला गाड्यांची रांग. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत पन्हाळा आहे. आनंदाची गोष्ट आहे, पण वारसा बघायला येणाऱ्यांच्या गर्दीत रमतगमत जाणारी गाडी म्हणजे अडथळा. मागून सतत हॉर्न. नदीवरून आता शेजारच्या नव्या पुलाने जायचे, आणि पुढे गाडी कडेला घ्यायची म्हटले तर जुन्या झाडांखालची ती कडच राहिलेली नाही. पंधरा वर्षांच्या मुलाने फोनवर नकाशा उघडला आणि विचारले, ‘कुठं टाकू?’ ‘कुठंच नको’ हे त्या यंत्राला सांगण्याची तजवीज नाही. अण्णा मागच्या सीटवरून ‘आता तिसरा टाक’ म्हणत राहिले. त्यांना मागे बसण्याची सवय नाही, आणि आईला त्याची मजा वाटत होती.

शेवटी दिशा बदलली. आता आम्ही गगनबावड्याच्या रस्त्याला जातो, बालिंग्याच्या पुलावरून भोगावती ओलांडून पुढे. हिवाळ्यात एखादे गुऱ्हाळ चालू दिसले तर थांबतो; लहानपणी होती तितकी ती उरलेली नाहीत. आई अजूनही उतरत नाही. काकवीची बाटली मुलगा आणून देतो. आताच्या गाडीत सीट वेगवेगळ्या आहेत आणि पट्टा लावावा लागतो, त्यामुळे पाय वर घेता येत नाहीत, ही तिची एकमेव तक्रार.

बाकी तक्रारी दुसऱ्यांच्या आहेत. मटण मी रविवारवरून बुधवारवर नेले आहे. सकाळी दोन तास वाटण करून दुपारी चक्करीला निघायचे, म्हणजे आईची जागा मी घ्यायची आणि त्याला पुनरुज्जीवन म्हणायचे, हे मला पटेना. अण्णा आणि मुलगा या एका बाबतीत एकत्र आले. कोल्हापुरात राहून रविवारी पिठलं-भात खायचा, ही गोष्ट बाहेर कळता कामा नये, असे अण्णांनी मला गंभीरपणे सांगितले. नवऱ्याने तिसऱ्या रविवारी मटण स्वतः करून पाहिले. त्यावर आईने काही मत दिलेले नाही.

निघताना कुलूप आईच लावते. लावून दोनदा ओढून बघते, आणि मग गाडीत येऊन बसते.